कोल्हापूरची पार्टी, बेळगावचं बिल: नोकरी सांभाळून बाहेरची कामं करणाऱ्यांचा जीएसटी आणि इन्कम टॅक्स

बेळगावात नोकरी करून वर बाहेरची कामं घेणाऱ्या माणसाच्या कानावर दोन वाक्यं हमखास पडतात. पहिलं, "कोल्हापूर-पुण्याच्या पार्टीला बिल द्यायचं तर जीएसटी नंबर काढावाच लागतो, राज्य बदललं ना." दुसरं, "पार्टीनं दहा टक्के टीडीएस कापलाय ना, मग तुझा टॅक्स भरून झाला की." दोन्ही चुकीची आहेत. गंमत अशी, की जो कर लागत नाही त्याच्या भीतीनं लोक पुण्याचं काम सोडून देतात आणि जो खरंच लागतो त्याची मार्च उलटेपर्यंत आठवणही काढत नाहीत.

सीमाभागात हा घोळ जरा जास्तच होतो, कारण आपली कामं स्वभावतःच दोन राज्यांत पसरलेली असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरी करून रात्री हद्दीपलीकडच्या शिनोळीच्या कारखान्यासाठी पॅटर्नची कॅड ड्रॉइंग करणारा, खानापुरातून पुण्याच्या कंपनीचं कोडिंग करणारा, निपाणीत बसून मराठी-कन्नड भाषांतरं करणारी, बेळगावच्या टिळकवाडीत राहून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बंगल्याचं इंटिरिअर बघणारी. या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: हद्द ओलांडली की कर बदलतो का? इन्कम टॅक्स केंद्राचा आहे, त्याला ही हद्द दिसतसुद्धा नाही. जीएसटीला दिसते, पण कधी, हे समजून घ्यायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण सीए मंडळी आणि कंपन्यांचे अकाउंटंट अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून इथेही ४४एडीए, १९४जे असे जुनेच क्रमांक वापरलेत.

जीएसटी: भीती इथं जास्त, म्हणून आधी हेच

सेवा देणाऱ्याला वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. कर्नाटकात तेच, महाराष्ट्रातही तेच. आता "राज्य बदललं की नोंदणी सक्तीची" ही समजूत कुठून आली? ती हवेतून आलेली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा कायद्यात खरोखरच तसं होतं: परराज्यात करपात्र माल किंवा सेवा दिली की पहिल्या रुपयापासून नोंदणी. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेवांपुरती ही अट एका अधिसूचनेनं काढून टाकली. तेव्हापासून बेळगावचा माणूस २० लाखांच्या आत राहून कोल्हापूर, पुणे, पणजी, कुठल्याही पार्टीला नोंदणीशिवाय सेवेचं बिल देऊ शकतो. अधिसूचना लोकांपर्यंत पोचली नाही, पहिल्या तीन महिन्यांची धास्ती मात्र अजून फिरते आहे.

ही सवलत सेवांना आहे हे नीट लक्षात घ्या. माल विकत असाल तर जुनी अट कायम आहे. दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी व्हॉट्सॲपवर शहापूर-वडगावच्या साड्या विकणाऱ्या बाईंनी कोल्हापूरला एक साडी पाठवली, तरी ती परराज्यातली मालाची विक्री झाली. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सूट आहे, ती सोडली तर इथं उलाढालीचा प्रश्नच येत नाही, नोंदणी लागते. ऑनलाइन बाजारपेठांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात. म्हणजे बेळगावहून बिदरला चालतं, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला चालत नाही. लोगो डिझाइन करून फाइल पाठवणारा आणि तोच लोगो टी-शर्टवर छापून टी-शर्ट पाठवणारा, या दोघांचे नियम म्हणूनच वेगळे आहेत.

२० लाखांत काय धरायचं? पगार धरायचा नाही. नोकरानं मालकाला नोकरीचा भाग म्हणून दिलेली सेवा जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. बाकी तुमच्या पॅनवरची देशभरची सगळी उलाढाल धरायची, आणि तीही बिलाची पूर्ण रक्कम, नफा नव्हे. परदेशी पार्टीचे डॉलर धरायचे. तुमच्या नावावरच्या दुकानाची विक्री धरायची; दुकान वडिलांच्या पॅनवर असेल तर ते त्यांचं. राहायला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नसतो, तरी उलाढाल मोजताना ते भाडं मिळवलं जातं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. इतकं सगळं धरूनही महिन्याला सरासरी एक लाख सहासष्ट हजारांपर्यंत तुम्ही मोकळे आहात. नोकरी करून उरलेल्या वेळात काम करणारे बहुतेक जण या रेषेच्या बरेच अलीकडं असतात.

मग पार्टीचा अकाउंटंट "जीएसटी बिलच पाहिजे" म्हणून अडून बसतो त्याचं काय? त्याला शांतपणे सांगा, की नोंदणी नसलेल्या माणसाचं साधं बिलही खर्चाला चालतं. तुम्ही १८ टक्के लावले असते तर ते त्यानं भरून नंतर इनपुट क्रेडिट म्हणून परत घेतले असते. तुम्ही लावलेच नाहीत, म्हणजे त्याचं काही बुडालं नाही. नुसत्या एका पार्टीच्या समाधानासाठी ऐच्छिक नोंदणी घेऊ नये असं माझं मत आहे. नंबर काढणं सोपं असतं. त्यानंतर काम असो नसो, रिटर्न भरत राहावं लागतं, आणि निरंक रिटर्न चुकलं तरी दिवसाला २० रुपये लेट फी चढत जाते. मोठ्या कंपन्यांत मात्र नोंदणी नसलेल्याला व्हेंडर म्हणून घ्यायचंच नाही असं धोरण कधीकधी असतं. तिथं काम किती मोठं आहे ते बघून ठरवावं.

उलट चूकही होते. नंबर नसताना बिलात "जीएसटी १८%" अशी ओळ घालून पैसे घेणं हा सरळ दंडाचा मामला आहे. बिल जरा वजनदार दिसावं म्हणून कुणाचा तरी नमुना उतरवताना ही ओळ तशीच राहून जाते.

उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. मग मात्र हद्दीला अर्थ येतो. बेळगाव, हुबळी, बंगळूरच्या पार्टीला ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा असे दोन कर. कोल्हापूरच्या पार्टीला १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा एकच कर. ग्राहकाला पैसे तेवढेच लागतात, पण बिलात चुकीचा कर दाखवला तर तो निस्तरताना दोन वेळा भरून एकदा परत मागायची पाळी येते. पार्टी कुठली, हे तिच्या जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. शिनोळी बेळगावला इतकी खेटून आहे की आपण तिला गावातलीच धरतो, पण तिथल्या कारखान्याचा नंबर २७ नं सुरू होतो.

एक अपवाद सीमाभागात हमखास लागू पडतो. काम जमिनीशी किंवा इमारतीशी जोडलेलं असेल, म्हणजे आर्किटेक्ट, इंटिरिअर, साइटचं सर्वेक्षण, तर इमारत जिथं आहे ते राज्य धरतात. पार्टी बेळगावची आणि बंगला चंदगडला, तर आयजीएसटी. पार्टी कोल्हापूरची आणि बंगला बेळगावला, तर कर्नाटकातले दोन कर.

आणखी एक सापळा. छोट्या सेवा पुरवठादारांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे. १८ च्या जागी ६ म्हटल्यावर कोणालाही मोह होतो. पण त्या योजनेत असताना राज्याबाहेर सेवा देता येत नाही, आणि हा कर ग्राहकाकडून वेगळा घेताही येत नाही. बंगळूरच्या माणसाला ती कदाचित परवडेल. ज्याची निम्मी कामं महाराष्ट्रातून येतात त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

बिल: पॅडवरचं असो की पीडीएफ

नोंदणी नसलेल्यासाठी बिलाचा सरकारी नमुना नाही. तरी काही गोष्टी असाव्यातच. वर तुमचं नाव, पत्ता आणि पॅन. "टॅक्स इन्व्हॉइस" असं शीर्षक देऊ नका, ते नोंदणी असलेल्यांचं. नुसतं "इन्व्हॉइस" किंवा "बिल" लिहा. बिल क्रमांक एप्रिल ते मार्च असा चालवा, २०२६-२७/०१, ०२ असा ओळीनं, मध्ये गाळायचा नाही. पार्टीचं नाव बरोबर तिच्या जीएसटी नोंदणीत आहे तसं लिहा. कामाचं वर्णन असं हवं, की वर्षभरानं तुम्हालाच वाचून कळलं पाहिजे. "डिझाइन चार्जेस" एवढ्यावर भागवण्यापेक्षा "पंपाच्या आवरणाच्या पॅटर्नचं थ्रीडी मॉडेल, दोन दुरुस्त्यांसह" हे कधीही चांगलं, कारण तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे मागायला तेच उपयोगी पडतं. खाली बँक खात्याचा तपशील, पैसे किती दिवसांत द्यायचे ते, आणि एक ओळ: "जीएसटी नोंदणी नाही, म्हणून जीएसटी आकारलेला नाही."

बिल मराठीत दिलं तर चालतं का, असं विचारणारे भेटतात. चालतं, पण पार्टीचा अकाउंटंट टॅलीत इंग्रजीच घालणार आहे. त्याचं काम सोपं केलं तर पैसे लवकर सुटतात, हा साधा व्यवहार.

पैसे घ्यायला वेगळं बचत खातं ठेवा. आपल्याकडं एकाच यूपीआयवर मित्रांनी सहलीचे दिलेले पैसेही येतात, भिशीही येते आणि कामाचं बिलही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयवरच्या जमा रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, तेव्हा अनेकांची खरी दमछाक झाली ती यातली विक्री किती आणि उसनवारी किती हे वेगळं करून दाखवताना. बाहेरच्या कामाचं खातं स्वतंत्र असेल तर तुमचं निम्मं हिशेबाचं काम बँकच करते.

इन्कम टॅक्स: खरी गोष्ट इथं आहे

पगार हे एक उत्पन्न आणि बाहेरच्या कामाचं हे "धंदा किंवा व्यवसाय" या सदरातलं दुसरं उत्पन्न. वर्षाअखेरीस दोन्हींची बेरीज होते आणि कर त्या बेरजेवर लागतो. पगारदारांना सवयीचं असलेलं आयटीआर-१, म्हणजे "सहज", त्यामुळे बाद होतं. आयटीआर-४ किंवा आयटीआर-३ भरावं लागतं. बरेच जण बाहेरचे पैसे "इतर उत्पन्न" म्हणून आयटीआर-१ मध्येच ढकलतात. वर्षातून एकदा पेपर तपासल्याचं मानधन असेल तर ते तिथं शोभतं. पण दर महिन्याला बिल फाडताय, पार्टी १९४जे (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं कलम) खाली टीडीएस कापतेय, आणि रिटर्नमध्ये मात्र व्यवसाय नाहीच, हे जुळत नाही.

आता ४४एडीए. ठरावीक व्यावसायिकांना कायदा म्हणतो: खर्चाच्या पावत्या दाखवू नका, वह्या ठेवू नका, मिळालेल्या रकमेतला निम्मा हिस्सा नफा धरा आणि त्यावर कर द्या. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख. रोखीनं घेतलेले पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. यादीत वकिली, वैद्यकीय, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरिअर डेकोरेशन आहे. माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलावंत, कंपनी सेक्रेटरी ही नंतर जोडलेली. म्हणजे उद्यमबागचा कॅडवाला आणि खानापूरचा कोडिंगवाला बसतो. खरा नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. निम्म्याहून कमी दाखवायचा असेल, तर मात्र वह्या आणि ऑडिट, दोन्ही पदरात पडतात.

भाषांतर करणारी, लेख लिहून देणारा, शिकवण्या घेणारा या यादीत नाही. त्यांना कोणी ४४एडी सुचवतं, ज्यात डिजिटल जमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरतात. ते कलम मुळात धंद्यासाठी आहे. घरी बसून एका लॅपटॉपवर भाषांतर करणाऱ्या बाईंनी सहा लाखांच्या जमेवर नफा फक्त छत्तीस हजार दाखवला, तर ते तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणारच. माझ्या मते अशांनी साधा रस्ता धरावा: लॅपटॉप, इंटरनेट, शब्दकोश, वीजबिलातला कामाचा वाटा यांच्या पावत्या ठेवाव्यात, खरा खर्च वजा करून खरा नफा आयटीआर-३ मध्ये दाखवावा. सीएची फी थोडी जास्त जाते, पण झोप लागते.

टीडीएसकडं येऊ. व्यावसायिक फीवर पार्टी १० टक्के कापते, तांत्रिक सेवा धरली तर २ टक्के. एका पार्टीकडून वर्षात ५० हजारांच्या वर गेल्यावरच ही कपात लागते. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. मर्यादा पार्टीगणिक असते, त्यामुळं पाच छोट्या पार्ट्या असलेल्याचा एक रुपयाही कापला जात नाही आणि तो समजतो की आपलं उत्पन्न करमुक्त आहे. टीडीएस म्हणजे तुमच्या करापोटी घेतलेली आगाऊ रक्कम. खरा कर किती, ते बेरजेवरून ठरतं. दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही नव्या करप्रणालीची आणि ४४एडीएत बसणाऱ्या माणसांची.

पहिल्याचा पगार वर्षाला ६ लाख. त्यातून ७५ हजार प्रमाणित वजावट गेली, राहिले ५ लाख २५ हजार. बाहेरच्या कामाचे आले २ लाख ४० हजार, त्याचे निम्मे १ लाख २० हजार. बेरीज ६ लाख ४५ हजार. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळं कर शून्य होतो. समजा एका पार्टीनं दीड लाखाच्या बिलांवर १५ हजार टीडीएस कापला होता. ते सगळे १५ हजार परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. सीमाभागात असे परत न मागितलेले टीडीएसचे पैसे किती असतील कोण जाणे!

दुसऱ्याचा पगार ११ लाख ७५ हजार. वजावट जाऊन बरोबर ११ लाख. नुसत्या पगारावर याचा कर शून्य, त्यामुळं कंपनी काही कापत नाही. बाहेरच्या कामाचे ६ लाख, निम्मे ३ लाख. बेरीज १४ लाख, म्हणजे १२ लाखांची सवलत गेली. आता स्लॅब लावा: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार, वरच्या २ लाखांवर १५ टक्के म्हणजे ३० हजार. एकूण ९० हजार, अधिक ४ टक्के सेस, झाले ९३ हजार ६००. पार्टीनं ६ लाखांवर ६० हजार टीडीएस कापला आहे. उरले ३३ हजार ६००, जे त्यानं खिशातून भरायचे आहेत. "टीडीएस कापलाय की" म्हणून हा निवांत बसलेला असतो. कर वाढला तो फक्त बाहेरच्या ३ लाखांमुळं नाही. त्या ३ लाखांनी पगारावरची सवलतही घालवली. पगार दहा-बारा लाखांच्या आसपास असणाऱ्यांनी हा हिशेब ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करून बघावा. तेव्हा हातात काही महिने असतात, मार्चमध्ये काहीच नसतं.

हे ३३ हजार ६०० केव्हा भरायचे? टीडीएस वजा करून वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो रिटर्नपर्यंत थांबवता येत नाही, ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरावा लागतो. साधारण हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे आहेत. ४४एडीए किंवा ४४एडी घेणाऱ्याला सगळी रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरायची मुभा आहे. चुकलं तर महिन्याला १ टक्का दरानं व्याज. ते काही डोंगराएवढं नसतं, पण उगाच का द्यायचं? आयकराच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समधून यूपीआयनंही भरता येतो. दुसरा उपाय असा, की कंपनीच्या अकाउंट्सला आपलं इतर उत्पन्न लिहून द्यायचं, मग ते पगारातूनच जास्त टीडीएस कापतात. अर्थात बाहेरच्या कामाची गोष्ट कंपनीला आधीच सांगितलेली असेल तरच.

रिटर्न भरायची घाई एप्रिलमध्ये करू नका. जानेवारी ते मार्चचा टीडीएस दाखवायला पार्टीला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, जूनच्या मध्यापर्यंत येतो. त्यानंतर पोर्टलवर एआयएस आणि २६एएस (तुमच्या नावावर नोंदलेलं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारी विवरणं) उघडून प्रत्येक पार्टी तुमच्या बिलांशी ताडून बघा. मार्चअखेरच्या बिलात हमखास फरक निघतो: पैसे मेमध्ये आले, पण पार्टीनं खर्च आणि टीडीएस मार्चमध्ये दाखवला. ज्या वर्षाचा टीडीएस तुम्ही मागता, त्याच वर्षात ते उत्पन्न दाखवा, मग कटकट राहत नाही. शेअर्स विकून अल्पमुदतीचा नफा झाला असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ च लागतं, हेही ध्यानात असू द्या.

जुनी करप्रणाली हवी असणाऱ्यांना, म्हणजे गृहकर्ज, विमा, पीपीएफवाल्यांना, एक जोखीम आहे. निव्वळ पगारदार दरवर्षी जुनी-नवी बदलू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न आलं की ही मोकळीक जाते: जुनीत जायचं तर मुदतीच्या आत १०-आयईए फॉर्म भरायचा, आणि एकदा नवीत परत आलात की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. वर्षभरात पंधरा हजारांचं एक बिल फाडलं म्हणून हा दरवाजा बंद झाला, असं व्हायला नको.

नोकरीतली परवानगी आणि पगारातले दोनशे रुपये

खासगी नोकरीत नेमणूकपत्र काढून वाचा. "व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय अन्य काम करणार नाही" असं वाक्य बहुतेक पत्रांत असतं. आयकर खात्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, परवानगी नसली तरी कर लागतोच. आणि एआयएस तुमचं तुम्हाला दिसतं, मालकाला नाही. पण बेळगाव छोटं गाव आहे. उद्यमबागेतल्या दोन फाउंड्रींचे मालक एकमेकांना ओळखत नाहीत असं सहसा होत नाही. मालकाच्या प्रतिस्पर्ध्याचं काम घ्यायचं नाही आणि कंपनीचा संगणक, सॉफ्टवेअर, ड्रॉइंग वापरायचं नाही, एवढं पाळलं तर बरीच भांडणं टळतात.

सरकारी नोकराला वर्तणूक नियमांखाली खासगी धंदा किंवा नोकरी पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक लिखाणाला थोडी मोकळीक असते. शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ नंच मना केली आहे. तिथं कराचा सल्ला देण्यात अर्थ नाही.

व्यवसाय कर हा राज्याचा. कर्नाटकात महिना २५ हजार किंवा त्याहून जास्त पगार असलेल्याचे दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यालाही तो लागतो. राज्यघटनेच्या कलम २७६ नं एका माणसाकडून एका राज्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. मर्यादा राज्यागणिक आहे. त्यामुळं नोकरी शिनोळीत आणि बाहेरचं काम बेळगावच्या घरातून, अशा माणसाचा महाराष्ट्रात कापला गेलेला कर कर्नाटकाच्या खात्यात धरला जात नाही.

परदेशी पार्टीचं थोडक्यात: पैसे आले की बँकेकडून किंवा ज्या सेवेतून आले तिच्याकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला घेऊन ठेवा. इन्कम टॅक्स इथल्या कामासारखाच. जीएसटी नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी (हमीपत्र) भरून कर न लावता बिल देता येतं.

पैसे अडकले तर

सीमाभागात कामं ओळखीनं मिळतात आणि ओळखीमुळंच पैसे रखडतात. "बघूया की, पुढच्या महिन्यात" हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. यावर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची केंद्राची नोंदणी, हा बरा उतारा आहे. नोकरी करणाऱ्यालाही आपल्या जोडव्यवसायासाठी ती घेता येते, आधार आणि पॅनवर ऑनलाइन, फुकट. एजंट पैसे मागतो ते त्याच्या टायपिंगचे.

नोंदणी झाली की तुम्ही सूक्ष्म उद्योग ठरता. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणं पार्टीनं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. व्याज मागायला कोणी जात नाही, ओळख तुटते. पण आयकराच्या ४३बी(एच) मध्ये दुसरी मेख आहे, २०२३-२४ पासून. मुदत उलटून गेलेलं तुमचं बिल ३१ मार्चपर्यंत चुकतं केलं नाही, तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, आणि तेवढ्या रकमेवर तिला कर भरावा लागतो. म्हणून उद्यम क्रमांक काम घेण्याआधी काढा आणि बिलावर पॅनच्या खालीच ठळक छापा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पार्टीचा अकाउंटंट आपणहून फोन करून विचारतो, "तुमचं काही बाकी आहे का ओ?"